मिस्त्रींचे चार आकडे

"गाडी कशी आहे?" हा प्रश्न आमच्या मिस्त्रींना अजिबात खपत नसे. वारंगा फाट्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, अजून आहे. जुनी चारचाकी घेणारा माणूस विकणाऱ्याला सोबत घेऊन तिथं यायचा आणि बॉनेटवर हात ठेवून हा प्रश्न टाकायचा. मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचे, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "सोयरीक जुळवायला आले का? कशी हाय ते मला इचारू नका. मी चार आकडे सांगतो. घ्यायची का न्हाई ते तुमचं तुमी घरी जाऊन ठरवा." त्या चार आकड्यांपलीकडे ते खरोखर एक शब्द बोलत नसत. घेणारा गळ घालायचा, विकणारा डोळे मिचकावायचा, मिस्त्री ढिम्म.

चार आकडे म्हणजे इंजिनाच्या चार सिलिंडरांचं कॉम्प्रेशन. पिस्टन वर आला की आतली हवा किती जोरानं दाबली जाते, तो दाब. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या की हवा कडेनं निसटते, दाब उतरतो. गाडीला नवा रंग मारता येतो, सीटांना नवी कव्हरं घालता येतात, पण हा आकडा लपवता येत नाही, असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. सिलिंडरांना ते भाऊ म्हणायचे. थोरला, दुसरा, तिसरा, धाकटा. एकशे साठच्या आसपास असला की भाऊ धडधाकट. शंभराच्या खाली आला की तो अंथरुणाला खिळला, आणि बाकीचे तिघं त्याला ओढून ओढून दमणार. "आवाज खोटा बोलते, धूर खोटा बोलते," ते म्हणायचे. "काटा बोलत न्हाई."

काटा म्हणजे दाब मोजायचं गेज. नांदेडला ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्यानं जाताना तो त्यांना दिला होता. काच एका बाजूनं तडकलेली, रबरी नळी दोनदा बदललेली. मऊ फडक्यात गुंडाळून तो एका डब्यात ठेवलेला असायचा आणि मळक्या हातानं त्याला शिवायचं नाही असा नियम होता. इतर सगळी हत्यारं जमिनीवर पसरलेली असायची, त्यांच्यावर कोंबड्या फिरायच्या, त्याचं त्यांना काही नव्हतं.

मी डोंगरकड्याजवळच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. पोरं मला सर म्हणतात, मिस्त्री गुरुजी म्हणत. माझी जुनी गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडे नेली आणि मग रविवार आला की मी तिथं जाऊन बसायला लागलो. का, ते नीट सांगता येणार नाही. शाळेत दिवसभर बोलून घसा सुकलेला असतो, आणि इथं एक माणूस दिवसभर न बोलता काम करायचा. मधूनच काही समजावून सांगितलं तर ते इतकं नेमकं असायचं की सोमवारी मी तेच वर्गात सांगायचो. आपण मेकॅनिकच्या पत्र्याखाली बसतो याचा मला थोडा अभिमानही होता. अशा अभिमानाची किंमत आपल्याला कधीच द्यावी लागत नाही, निदान मला तसं वाटायचं.

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. दाबाचा धडा चालू होता, म्हटलं पोरांना खरा माणूस दाखवू. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि पाच मिनिटं झाली तरी तोंडातून शब्द निघेना. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले की समोर इंजिन नसलं तर त्यांना बोलता येत नाही. मग सगळा वर्ग पटांगणात नेला. तिथं मुख्याध्यापकांची मोटरसायकल उभी होती. मिस्त्रींनी प्लग काढला, काटा लावला, दणादण किका मारल्या आणि मोठ्यानं आकडा सांगितला, सत्तर. मुख्याध्यापकांनी कौतुकानं विचारलं, म्हणजे चांगलं ना? मिस्त्री म्हणाले की नव्या गाडीत याच्या दुप्पट असतं. पोरं खिदळली. गंमत अशी की मुख्याध्यापक ती गाडी आमच्या क्लार्कला विकणार होते, आणि क्लार्क व्हरांड्यात उभा राहून ऐकत होता. व्यवहार मोडला. मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. ही गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना रंगवून सांगितली. माणूस असावा तर असा, असं शेवटी म्हणायचो.

जुन्या गाडीची तपासणी करायची त्यांची एक ठरलेली रीत होती आणि त्यात काडीचा बदल चालत नसे. आधी गाडी फाट्यापासून दोन-चार किलोमीटर फिरवून आणायची, म्हणजे इंजिन गरम होतं. मग घेणारा आत, ड्रायव्हरच्या सीटवर. विकणारा बाहेर, इंजिनासमोर. किल्ली घेणाऱ्यानंच मारायची, ॲक्सिलरेटर त्यानंच तळापर्यंत दाबायचा. उद्या काही झालं तर माझाच पाय होता हे त्याला आठवलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. चारही प्लग काढून झाले की ते वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचे. आणि मग मिस्त्री हात धुवायला जायचे.

हे हात धुणं पाच मिनिटांत उरकणारं नव्हतं. पत्र्यामागे पाण्याचा ड्रम होता. आधी डिझेलचा बोळा, मग लाकडाचा भुसा, मग कपड्याचा साबण, कोपरापर्यंत. त्या वेळात त्यांची बायको सुपात डाळ घेऊन बाहेर यायची आणि इंजिनाशेजारच्या स्टुलावर निवडत बसायची. मी तिला वहिनी म्हणतो. इंजिनाकडे ती बघायचीसुद्धा नाही. तरी तिच्यासमोर विकणाऱ्याचा हात खिशातून बाहेर यायचा नाही.

ती तिथं का बसते हे मिस्त्रींनीच मला सांगितलं होतं. प्लगच्या भोकातून सिलिंडरात चमचा-दोन चमचे तेल सोडलं की ते रिंगांच्या कडेनं बसतं, हवा निसटायची थांबते आणि मेलेला भाऊ काही मिनिटांपुरता उठून बसतो. आकडा कमी आला तर मिस्त्री स्वतः हेच करून बघत. तेलानं आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर दोष व्हॉल्व्हचा. रोग ओळखायची ती युक्ती होती. पण तीच कुणी आधी गुपचूप केली तर ती फसवणूक, आणि असं करणारे लोक त्यांनी बघितले होते. एका दुपारी त्यांनी मला हे सगळं एका जुन्या इंजिनावर करून दाखवलं. चमचा माझ्या हातात दिला. मी चांगला विद्यार्थी होतो.

चार वर्षांपूर्वी मी नवी गाडी ठरवली आणि जुनी विकायला काढली. तिचा तिसरा भाऊ गेलेला आहे हे मला माहीत होतं. मिस्त्री एका लग्नाला गेले असताना मी त्यांचाच काटा लावून बघितलं होतं. एवढा त्यांचा माझ्यावर भरवसा होता, डबा कुठं असतो तेही मला ठाऊक होतं. पंच्याऐंशी आला. मी हे कुणाला बोललो नाही. खरं सांगून विकली असती तर थोडे पैसे कमी आले असते, आकाश कोसळलं नसतं. पण गुरुजींची गाडी म्हणजे कशी ठेवलेली, असं फाट्यावरचे लोक म्हणायचे आणि ते मला ऐकायला आवडायचं. आज विचार करतो तेव्हा पैशांपेक्षा हेच कारण मोठं वाटतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

घेणारा जवळच्याच तांड्यावरचा होता. हळद करणारा, तिशीतला, आईला आठवड्यातून दोनदा नांदेडला दवाखान्यात न्यावं लागायचं म्हणून गाडी हवी होती. तो आत बसला. मी इंजिनासमोर उभा राहिलो. बॉनेट वर केलेलं असलं की आतल्या माणसाला समोरचं काही दिसत नाही. मिस्त्रींनी प्लग काढले, ओळीनं मांडले. वहिनी सूप घेऊन उठली. मिस्त्री जाता जाता तिला म्हणाले, "तू बस घरात. गुरुजी हायेत."

ती परत आत गेली. ड्रमावर पाणी पडल्याचा आवाज आला. तेलाचा डबा माझ्या पायाशीच होता, चमचाही. माझा हात थरथरला असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण थरथरला नाही. तिसऱ्या भोकात दोन चमचे तेल सोडलं, चमचा फडक्याला पुसला आणि जागच्या जागी ठेवला. आत तो भला माणूस मला मोठ्यानं विचारत होता की गुरुजी, ही गाडी किती किलोमीटर देते. मी त्याला खरं उत्तर दिलं.

मिस्त्री स्वच्छ हातांनी आले. फडकं उलगडलं, काटा काढला. एकशे पासष्ट, एकशे साठ, एकशे साठ, एकशे पासष्ट. बॉनेटच्या आतल्या बाजूला त्यांनी ते चार आकडे रंगानं लिहिले, तशीच त्यांची पद्धत होती. मग प्लग बसवून गाडी चालू केली, तेव्हा मागून निळसर धूर निघाला. मिस्त्रींनी धुराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, बरेच दिवस उभी होती. धूर खोटा बोलतो हे तर त्यांचंच मत होतं.

दोन महिन्यांनी एका रविवारी तो तांड्यावरचा माणूस गाडी घेऊन परत आला. मी तिथंच बसलेलो होतो. गाडी धूर ओकत होती, तेल पीत होती, आणि आईला घेऊन जाताना दोनदा रस्त्यात बंद पडली होती. त्यानं आरडाओरडा केला नाही. बॉनेट उघडलं, आकड्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मिस्त्री, तुमी एकशे साठ लिहिलं हाय ना हितं?"

मिस्त्रींनी प्लग काढले, हात धुतले, काटा लावला. तिसरा भाऊ नव्वदलाही पोचला नाही. त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग तेल टाकून बघितलं आणि आकडा चढला. त्या वेळी मला वाटलं, आता ते मान वर करून माझ्याकडे बघणार. त्यांच्या डोक्यात ते येणार नाही असं कसं होईल? युक्ती त्यांनीच तर शिकवली होती. पण ते काट्याकडेच बघत राहिले आणि त्या माणसाला म्हणाले, "दोन महिन्यांत इतकं घसरत न्हाई. तवाच कमी आसंल. माझ्याच्यानं चूक झाली."

तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, तुमचा काय दोष. तुमी काय इंजिनात बसले न्हवते." मी मान हलवली.

मिस्त्रींनी ते इंजिन चार दिवस खपून उतरवलं, रिंगा बदलल्या, सामानसुद्धा पदरचं आणलं. मी शाळा सुटल्यावर जाऊन बसायचो आणि पाने देत राहायचो. सामानाचा अर्धा भार मी उचलतो म्हणालो, तर त्यांनी उलट विचारलं, तुमी काहून? त्या क्षणी सांगता आलं असतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. मग कुणीतरी पंक्चर घेऊन आला आणि मी सुटलो.

पुढे जे झालं ते मी बघत होतो आणि तरी घडू दिलं. मिस्त्रींनी काटा नांदेडला नेऊन दुसऱ्या काट्याशी ताडून बघितला, तो बरोबर निघाला. मग त्यांना वाटलं की डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना नेलं, माझ्या नव्या गाडीतून. डॉक्टरसमोर त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं घडाघडा वाचली. परतताना अर्धापूर मागे पडलं. मग म्हणाले, "काटा बराबर, डोळे बराबर. मंग माझं गेलं काय, गुरुजी?"

मी म्हणालो, वय होतं मिस्त्री, सगळ्यांचंच होतं. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण यासारखं दुसरं नाही. तेल ओतलं तेव्हा मी एका गाडीबद्दल खोटं बोललो होतो. इथं एका माणसाला त्याचं डोकं गेलं म्हणून सांगत होतो, आणि तो ते विश्वासानं ऐकून घेत होता.

त्यानंतर त्यांनी तपासणी बंद केली. कुणी जुनी गाडी घेऊन आला तर म्हणायचे, ज्याच्या डोक्याचा भरवसा न्हाई त्यानं आकडा सांगू नये. लोक हळूहळू हिंगोलीला जाऊ लागले. मिस्त्री पंक्चरी काढायचे, ट्रॅक्टरची किरकोळ कामं करायचे आणि तीसुद्धा दोन-दोनदा तपासायचे. नट आवळून झाल्यावर वहिनीला हाक मारून विचारायचे, आवळला ना मी? एवढा मोठा कारागीर, आणि बायकोला विचारायचा. मी रविवारी जायचो तेव्हा हे समोर घडायचं आणि मी चहा पीत बसायचो. न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

मागच्या महिन्यात त्यांनी फडक्यात गुंडाळलेला काटा माझ्या हातात ठेवला. म्हणाले, माझ्याकडं पडून गंजून जाईल. तुमी शिकलेले हाव, तुमची नजर साफ हाय, लोक तुमच्यावर इश्वास ठेवतील. मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. आठ दिवस तो आमच्या घरी कपाटावर होता. बायकोनं विचारलं हे काय, मी म्हणालो शाळेचं आहे. तिलाही खोटं सांगितलं तेव्हा मात्र मला स्वतःचा कंटाळा आला.

पुढच्या रविवारी दुपारी काटा घेऊन फाट्यावर गेलो. मिस्त्री खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिसऱ्या सिलिंडरात मी तेल टाकलं होतं, तुम्ही हात धुवायला गेला होता तेव्हा. एवढंच. घरून बरंच काही ठरवून आलो होतो, त्यातलं काही आठवलं नाही.

त्यांनी माझ्या हातातल्या काट्याकडे बघितलं. मग विचारलं, "किती टाकलं?"

"दोन चमचे."

"त्याआधी किती होता आकडा? बगितला होता?"

"पंच्याऐंशी."

त्यांनी बोटानं खाटेच्या काठावर काहीतरी हिशेब केला. ओठ हलत होते. मग म्हणाले, "दोन चमच्यात पंच्याऐंशीचे एकशे साठ. व्हय. होतात." आणि त्यांचा चेहरा उजळला. शिव्या खायची मी तयारी करून गेलो होतो, एखादा पाना अंगावर येईल असंही वाटलं होतं. ते हसले. "म्हंजे तवा काटा एकशे साठच दावत होता. मी बराबर वाचलं. मी चुकलो न्हवतो." त्यांनी वहिनीला हाक मारली आणि ती दारात आल्यावर पुन्हा तेच सांगितलं, आजारातून उठलेला माणूस सांगतो तसं. तेल कुणी टाकलं, हे त्यांच्या बोलण्यात मधेच कुठंतरी येऊन गेलं.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. हळूच मला म्हणाली, "आन् डोळ्याच्या डाक्टरकडं बी तुमीच नेलं होतं, गुरुजी." मग ती आत गेली.

मिस्त्रींनी काटा माझ्या हातातून घेतला, फडकं सोडलं, काचेवरून अंगठा फिरवला. मी निघतो म्हणालो तेव्हा त्यांनी थांबवलं. "मला सांगितलं ते बरं केलं," ते म्हणाले. "आता तांड्यावर जाऊन त्याला सांगा. मिस्त्री चुकला न्हवता, एवढंच सांगा. बाकीचं सांगा न्हाई तर राहू द्या." बाकीचं सांगितल्याशिवाय एवढंच सांगता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलंही असेल.

मी हो म्हणालो. त्याला आता तीन रविवार झाले. तांडा फार लांब नाही, गाडीनं वीस मिनिटं लागतात. पहिल्या रविवारी शाळेचे पेपर तपासायचे होते. दुसऱ्या रविवारी पाहुणे होते. काल तिसरा रविवार होता, काम नव्हतं, पाहुणे नव्हते, आणि मी दिवसभर घरात बसून हे लिहीत होतो.